संघ कोणाचा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आलमबाग येथे दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मी फुटबॉल हा विषय निवडला, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. लखनौच्या मराठी माणसाने बोलावयाचे तर पंडित भातखंडे यांच्याविषयी आणि त्यांच्या प्रेरणेने १९२६ साली येथे सुरू झालेल्या संगीत विद्यालयाविषयी बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु त्या विषयाचे अधिकारी जाणकार याच सभेत बसलेले आहेत. माझे आयुष्य रेल्वेच्या हिशेबखात्यात गेले आणि बालपण कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत. तेव्हा मला ठाऊक असलेल्या दोनच गोष्टी आहेत : जमाखर्च आणि फुटबॉल. आज या दोहोंची सांगड घालण्याचा प्रयत्न करणार आहे.

हा विषय मला एका प्रश्नाने सुचविला. सप्टेंबर २०२४ मध्ये येथल्या के. डी. सिंह बाबू स्टेडियमवर कोलकात्याचे मोहन बागान व ईस्ट बंगाल हे दोन संघ खेळण्यास आले होते. आलमबागेतील माझे एक बंगाली शेजारी त्या दिवशी सकाळपासूनच उत्सवात असल्यासारखे वावरत होते. त्यांचा जन्म लखनौचा, नोकरी लखनौची. परंतु आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून त्यांच्याकडे आलेली एक वडिलोपार्जित वस्तू त्यांच्यापाशी होती, ती म्हणजे मोहन बागानचा अभिमान. सामन्याहून परतल्यावर त्यांनी मला सहज विचारले, "आणि तुम्हां महाराष्ट्रीयांचा क्लब कोणता?"

प्रश्न साधा होता, पण मी निरुत्तर झालो. मुंबईसारखे महानगर, १८९१ पासून तेथे भरणारी रोव्हर्स चषकाची प्रख्यात स्पर्धा, कूपरेजचे मैदान, हे सारे असून "हा आमचा" असे म्हणण्याजोगे एक नाव मला चटकन सुचेना. असे का व्हावे, याचा शोध घेता घेता जे हाती लागले, ते आपणांपुढे ठेवतो.

मुंबईचा फुटबॉल दीर्घकाळ वाढला तो कंपन्यांच्या आश्रयाने. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया अशी नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. पद्धत ठरलेली असे. चांगला खेळाडू हेरावयाचा, त्याला कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी द्यावयाची, हजेरी लागली की सरावासाठी मोकळे सोडावयाचे. खेळाडूच्या घरची चूल पेटती राहिली आणि कंपनीचे नाव वृत्तपत्रांत झळकले. या व्यवस्थेने गरीब घरांतील कित्येक मुलांना स्थैर्य दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे.

याच परंपरेतून महिंद्र कंपनीचा संघ १९६२ साली उभा राहिला. पुढे राष्ट्रीय लीग सुरू झाली, नोकरीच्या जागी करार आले, परदेशी खेळाडू आले, आणि कंपनीच्या या संघाने 'महिंद्र युनायटेड' हे नाव धारण करून पूर्ण व्यावसायिक रूप घेतले. १९९८ व २००१ साली त्याने ड्युरँड चषक जिंकला, २००३ साली फेडरेशन चषक. त्यानंतरचा २००५–०६ चा हंगाम तर सुवर्णाक्षरांनी लिहावा असा होता. डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली, घानाचा युसिफ याकुबू आणि मुंबईचा स्टीव्हन डायस यांसारख्या खेळाडूंच्या बळावर, या संघाने त्याच हंगामात फेडरेशन चषक पुन्हा मिळविला आणि राष्ट्रीय लीगही जिंकली. तोवर ही लीग कोलकाता, गोवा आणि पंजाब यांच्या बाहेर गेली नव्हती. महाराष्ट्राला तिचा मान प्रथमच लाभला.

आणि मग, अवघ्या चार वर्षांनी, २०१० साली, संघ बंद करण्यात आला.

कंपनी बुडाली नव्हती. संघ रसातळाला गेला होता असेही नाही. २००८ साली त्याने ड्युरँड चषक पुन्हा एकदा जिंकला होता. वरिष्ठ संघावरील खर्च थांबवून तो शालेय मुलांच्या फुटबॉलकडे वळवावा, असा निर्णय कंपनीने घेतला. त्यात बेकायदेशीर काही नव्हते. मी हिशेबखात्यातला माणूस, मला त्यात अप्रामाणिकपणाही दिसत नाही. परंतु ज्यांनी कूपरेजच्या पायऱ्यांवर बसून घसा कोरडा केला, त्यांचे त्या संघावर कोणते दान होते? वहीत पाहिले तर कोणतेच नाही. ते वर्गणीदार नव्हते, सभासद नव्हते. ते केवळ पाहुणे होते. यजमानाने दार लावले, पाहुण्यांनी घरी जावे.

आता माझ्या कोल्हापूरकडे वळतो. तेथील फुटबॉलचा संसार अगदी निराळा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही तेथल्या संघांची नावे आहेत. नावांतच मर्म आहे. तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा; पेठेतल्या पोरांनी पहाटे लाल मातीत घुमावे, ही तिची जुनी रीत. पुढे त्याच तालमीने गणपती बसविला, त्याच तालमीने फुटबॉलचा संघ काढला. त्यामुळे संघाला मालक असा नाहीच. पेठच त्याची मालक. कोणी दुकानदार बुटांचे पैसे देतो, कोणी वर्गणी फिरवतो, कोणाच्या घरचे जेवण बाहेरून आलेल्या खेळाडूला जाते. राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना असला की हजारो लोक जमतात, आणि त्यांतला प्रत्येक जण "आमची तालीम" असे म्हणतो. त्यांतील 'आमची' हा शब्द अलंकारिक नसतो.

लहानपणी मी वडिलांच्या खांद्यावर बसून तेथे सामने पाहिले. आमची तालीम हरली की त्या रात्री घरात भाकरी गोड लागत नसे. परंतु दुसऱ्या वर्षी संघ असेल की नसेल, ही शंका कधीही कोणाच्या मनाला शिवली नाही. संघ हरेल, रडेल, भांडेल, पण असेल.

तथापि केवळ स्तुती करून थांबलो तर तो अन्याय होईल. जिथे माया दाट, तिथे आंधळेपणाही दाट असतो. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्या झाल्या आहेत, सामने थांबवावे लागले आहेत, पोलिसांना मैदानात उतरावे लागले आहे. आणखी एक उणीव त्याहून मोठी आहे. एवढे प्रेम, एवढे खेळाडू, परंतु राष्ट्रीय स्तरावर पोहोचणारे किती? २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा सारे शहर आनंदले. परंतु त्याची घडण झाली ती पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत. पेठेने त्याला खेळाचे वेड दिले. शिक्षण, आहार आणि शिस्तबद्ध सराव यांसाठी त्याला घर सोडावे लागले. म्हणजे महिंद्रपाशी व्यवस्था होती पण मुळे नव्हती, आणि तालमींपाशी मुळे आहेत पण व्यवस्था अपुरी आहे.

या दोहोंचा मेळ घालता येतो काय? त्याचे एक उदाहरण फार दूर, चेक देशाची राजधानी प्राग येथे सापडते. तेथील व्ह्र्शोविचे या वस्तीत १९०५ साली एक क्लब निघाला, तो 'बोहेमियन्स' या नावाने ओळखला जातो. १९२७ साली हा संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेला असता त्याला दोन जिवंत कांगारू भेट मिळाले. ते प्रागच्या प्राणिसंग्रहालयाला देण्यात आले, आणि तेव्हापासून कांगारू हेच क्लबचे बोधचिन्ह झाले. आंतोनिन पानेन्का हा याच क्लबचा खेळाडू. १९७६ साली युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, पश्चिम जर्मनीविरुद्ध, निर्णायक पेनल्टी त्याने जोराने न मारता अलगद मधोमध उचलून टाकली. अशा फटक्याला आजही जगभर त्याचेच नाव आहे. १९८३ साली हा क्लब चेकोस्लोव्हाकियाचा विजेताही झाला.

पुढे दिवस फिरले. २००५ साली, म्हणजे ऐन शताब्दीच्या वर्षी, क्लब कर्जात बुडाला आणि त्याचे अस्तित्वच धोक्यात आले. त्या वेळी त्याच्या चाहत्यांनी पैसे गोळा केले आणि क्लब वाचविला. संघाला तिसऱ्या श्रेणीतून पुन्हा आरंभ करावा लागला, पण २००७ साली तो परत पहिल्या श्रेणीत पोहोचला. आश्रयदाते बदलतात, राज्यव्यवस्था बदलतात. त्या देशाची तर मध्यंतरी फाळणीही झाली. परंतु ज्या संघाला आपले म्हणणारे लोक असतात, त्याला पुन्हा उभे राहण्यास जमीन मिळते.

माझ्या बंगाली शेजाऱ्यांच्या क्लबाचीही कथा अशीच बोलकी आहे. १८८९ साली स्थापन झालेला आणि १९११ साली गोऱ्या सैनिकांच्या संघाला हरवून ढाल जिंकणारा मोहन बागान, २०२० साली एका धनाढ्य मालकाच्या संघाशी जोडला गेला आणि त्याच्या नावाआधी त्या संघाची आद्याक्षरे आली. चाहत्यांनी पैशाला विरोध केला नाही, नावाला केला. तीन वर्षे ते आवाज उठवीत राहिले, आणि २०२३ साली ती अक्षरे गळून पडली. मालकाने पैसा दिला, लोकांनी नाव राखले. मला तरी हा व्यवहार चोख वाटतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरे तर याचसाठी मी एवढी प्रदक्षिणा घातली.

पन्नास वर्षांपूर्वी आपले मंडळ आलमबागेतील एका रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात सुरू झाले. माणशी दोन रुपये वर्गणी होती. पहिल्या वर्षाची वही मी पाहिली आहे. तीत एका गृहस्थांच्या नावे "दीड रुपया, उरलेले पगारानंतर" अशी नोंद आहे. पुढे काही वर्षे आपल्या गणेशोत्सवाचा सगळा भार एका उदार आश्रयदात्याने उचलला. मंडप मोठा झाला, रोषणाई वाढली, आणि वर्गणी मागण्यास घरोघर जाणे आपण सोडून दिले. मग एका वर्षी, उत्सव तीन आठवड्यांवर आला असता, यंदा जमणार नाही असा निरोप आला. त्या वेळी आपल्यापाशी पैसा नव्हता हे दुःख मोठे नव्हते. कोणाच्या दारी जावे, हेच आपण विसरलो होतो. नव्याने बदलून आलेली कुटुंबे आपणांस ठाऊक नव्हती आणि त्यांना आपण. त्या वर्षीचे मोदक बायकांनी आपापल्या घरून आणले, आरतीला तबला नव्हता. पण ज्यांना तो गणपती आठवतो, ते आजही त्याच्याविषयी बोलतात.

आज मंडळाच्या वास्तूचा प्रश्न आपणांपुढे आहे. एका देणगीदाराने मोठी रक्कम देऊ केली आहे, आणि विश्वस्त नेमण्याचा अधिकार मागितला आहे. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. माझी नम्र सूचना एवढीच की देणगी आनंदाने घ्यावी, कोनशिलेवर त्यांचे नाव आदराने कोरावे. विश्वस्त मात्र सभासदांनी निवडावेत. आणि वर्गणी, ती कितीही अल्प असो, प्रत्येक घरी जाऊन मागावी. ती मागताना चहा होतो, गावाची चौकशी होते, मुलांची नावे कळतात. मंडळ म्हणजे तेच होय.

माझ्या शेजाऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी दुसऱ्या दिवशी दिले. म्हटले, "आमचा एक क्लब नाही, आमच्या पेठेपेठेत आहेत." ते हसले आणि म्हणाले, "मग एखादा येथेही काढा." मी त्यांना आपल्या मंडळाचा पत्ता दिला.