ठासणीची बंदूक आणि आपलं रान

बचतगटाच्या बैठकीत हल्ली कर्जाच्या हप्त्याआधी रानडुकरांचाच विषय निघतो. हरभऱ्यात, भुईमुगात रात्री कळप शिरला की सकाळी बघवत नाही. किनवट-माहूरकडच्या बायांना तर हे सांगायलाच नको. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "पोरगा मोबाईलवर बघतो, डब्यातून सुटे भाग येतात, जोडले की जुन्या पद्धतीची बंदूक तयार. आपल्याकडं चालंल का?" म्हणून आज त्यावरच बोलते.

पोरगा बघतो ते खोटं नाही. अमेरिकेत असे संच विकत मिळतात. अर्धवट कोरलेला लाकडी दस्ता, नळी, घोडा, चाप, स्क्रू. नवशिका माणूस कित्येक दिवस कानस आणि पॉलिश पेपर घेऊन लाकूड घासत बसतो. तिथल्या केंद्राच्या 1968 च्या कायद्यानं जुन्या धाटणीच्या ठासणीच्या बंदुका इतर बंदुकांपासून वेगळ्या ठेवल्या, म्हणून तिथं तो सुतारकामासारखा छंद झालाय.

आपल्या भागाला ही बंदूक नवी नाही. 1760 साली उदगीरला मराठे आणि निजाम लढले, तेव्हा इब्राहिमखान गारद्याच्या पलटणीकडं तोंडाकडून भरायच्याच बंदुका होत्या. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, गजानं ठासायची, ठिणगी पडली की बार. दिसायला सोपं. पण नळीचं मागचं टोक बंद असतं आणि बाराचा सगळा जोर तिथं बसतो. लोखंड कच्चं निघालं किंवा गोळी नळीत अर्ध्यावर राहिली, तर नळीच फुटते. त्या वेळी बार काढणाऱ्याचा गाल दस्त्याला टेकलेला असतो. घरी जोडलेली नळी तपासणार कोण?

आता कायदा. आपल्याकडं 1959 चा शस्त्र कायदा आहे. ठासणीची असो की काडतुसाची, परवान्याशिवाय बंदूक बनवणं, दुरुस्त करणंसुद्धा गुन्हा. सुटे भागही त्यात शस्त्रच धरलेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवायला कमीत कमी 7 वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. पोरगं हौसेनं करायला जाईल आणि जामिनासाठी आई गटाकडं कर्ज मागायला येईल. त्या ताईंना मी सरळ नाही म्हणून सांगितलं.

तरी याच कायद्यात शेतकऱ्यासाठी एक दार आहे, ते फार कमी जणींना माहीत असतं. पीक राखायला ठासणीची बंदूक, असं कलम 13 मध्ये नावानिशी लिहिलंय. परवान्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडं जातो आणि पिकाखालची जमीन दाखवावी लागते. पण परवाना मिळाला म्हणजे डुक्कर मारायची मोकळीक मिळाली, असं नाही. त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची वेगळी परवानगी लागते. माझं मत विचाराल तर एवढ्या खटपटीपेक्षा आधी भरपाईच्या मागं लागा. पिकाचं नुकसान दिसलं की त्याच दिवशी फोटो काढा, वनरक्षकाला कळवा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पंचनाम्याच्या वेळी स्वतः बांधावर उभ्या राहा, कारण किती सऱ्या गेल्या ते खुरपणाऱ्या बाईलाच ठाऊक असतं. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला मदत मिळते. आपलं गाव त्यात बसतं का, तेही विचारून घ्या. आणि तारेत लाईटचा करंट सोडायचं तर कुणी मनातही आणू नका. त्यात डुकराआधी आपलंच माणूस जातं.

आणखी एक, विशेषतः एकट्या राहिलेल्या बहिणींसाठी. मालकांच्या नावावर परवान्याची बंदूक होती आणि ते गेले, तर ती खुंटीला तशीच टांगून ठेवू नका. कलम 21 प्रमाणं ती लवकरात लवकर पोलीस ठाण्यात जमा करायची आणि पावती घ्यायची. वारस म्हणून परवाना हवा असेल तर अर्ज त्यानंतर करता येतो.

भरपाई असो की परवाना, साहेब पहिल्यांदा सातबारा मागतात. रान राखते बाई, अन् उताऱ्यावर नाव सासऱ्याचं, नाहीतर दिराचं. मग पैसे त्यांच्या खात्यात. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या रानाचा उतारा घेऊन या. कुणाचं नाव कुठं आहे ते आधी बघू, आणि वारसाची नोंद राहिली असेल तिचा अर्ज तिथंच बसून लिहू.