इंचभर उंचीचा वैमानिक

दिवाळीत मुले अंगणात मातीचा किल्ला उभारतात. त्या किल्ल्यावर सिंहासनावर बसलेले महाराज बहुधा महादरवाजाहून उंच असतात, आणि पायथ्याशी उभी असलेली गवळण बुरुजाच्या खांद्याला लागते. याबद्दल कोणी तक्रार करीत नाही आणि करूही नये. ज्याचे मोठेपण अधिक त्याची मूर्ती मोठी, हा हिशेब भक्तीचा आहे. त्याला भूमितीचे नियम लावणे अरसिकपणाचे होईल. परंतु तीच मुले चार वर्षांनी मोठी होऊन विमानाची प्रतिकृती करावयास बसली, म्हणजे हिशेब बदलतो. तेथे प्रत्येक माप एकाच संख्येने भागावे लागते. आश्चर्य हे, की किल्ल्यावर जो माणूस सर्वांआधी आठवला होता, तोच येथे विसरला जातो. पंख, शेपूट, चाके, तोफा सारे जागच्या जागी असते. वैमानिकाची बैठक तेवढी रिकामी राहते. श्रोतेहो, या रिकाम्या बैठकीविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

विमानांच्या प्रतिकृतींत १:७२ हे प्रमाण फार लोकप्रिय आहे. ब्रिटनमध्ये १९३० नंतरच्या दशकात 'स्कायबर्ड्स' नावाच्या लाकडी संचांनी ते रूढ केले आणि पुढे 'एअरफिक्स'च्या प्लास्टिक संचांनी ते घरोघर नेले. बहात्तर हा आकडा प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटतो. तो फूट-इंचांत मांडला की त्याचा उलगडा होतो. सहा फुटांचे इंच बहात्तर; तेव्हा सहा फुटी माणूस या प्रमाणात नेमका एक इंच भरतो. मध्यम उंचीचा, म्हणजे १७२ सेंटिमीटरांचा माणूस १:७२ मध्ये २४ मिलिमीटर, १:४८ मध्ये ३६ मिलिमीटर आणि १:३२ मध्ये सुमारे ५४ मिलिमीटर उंच होतो. प्रतिकृतीकाराने हे तीन आकडे पाठ ठेवावेत, कारण पाहणाऱ्याच्या डोळ्याजवळ दुसरी मोजपट्टी नसते. पंखांचा विस्तार किती मीटर आहे हे त्याला ठाऊक नसते; माणूस केवढा असतो हे मात्र त्याला जन्मापासून ठाऊक असते.

एक उदाहरण घेऊ. आपल्या वायुदलातील नॅट या लढाऊ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे ६.७ मीटर होता. १:७२ च्या प्रतिकृतीत तो साडेनऊ सेंटिमीटरही भरत नाही. त्याच्या शेजारी सेबर विमानाची त्याच प्रमाणातील प्रतिकृती ठेवली, तर तिचे पंख पंधरा सेंटिमीटरांच्या पलीकडे जातात. दोन्ही बैठका रिकाम्या असतील, तर पाहणारा समजतो की करणाऱ्याचे प्रमाण चुकले असावे. दोन्हींत सारख्या उंचीचे वैमानिक बसवा, म्हणजे एक शब्द न बोलता त्याला कळते की नॅट हे विमानच लहान होते. १४ डिसेंबर १९७१ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर सहा सेबर विमाने चालून आली असता फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों अशाच चिमुकल्या विमानातून वर झेपावले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. वायुदलातील कोणा वीराला मिळालेले ते आजवरचे एकमेव परमवीरचक्र होय. त्या दिवशीचे साहस किती मोठे होते हे सांगण्याचे काम प्रतिकृतीत तो इंचभर माणूसच करतो.

काही जण म्हणतील, इतक्या लहान बाहुलीकडे पाहतो कोण? आम्हा कतारगामच्या रहिवाशांना असे म्हणण्याची सोय नाही. येथे गल्लोगल्ली घंटीवर हिरे घासले जातात. दहा सेंटचा, म्हणजे एक दशांश कॅरटचा गोल हिरा रुंदीला सुमारे ३ मिलिमीटर असतो आणि तेवढ्या जागेत आमचे रत्नकलाकार डोळ्याला भिंग लावून सत्तावन्न पैलू पाडतात. १:७२ मधील वैमानिकाचे मस्तक जवळजवळ याच मापाचे असते. ज्या वस्तीत ३ मिलिमीटरांच्या खड्यातील बारीकशी रेघसुद्धा नजरेतून सुटत नाही, तेथील मुलाने ३ मिलिमीटरांच्या चेहऱ्याला क्षुद्र कसे म्हणावे?

मात्र त्या चेहऱ्यावर काय रंगवावे आणि काय गाळावे याचा विवेक हवा. नवशिका हौशी डोळ्यांची बुबुळे पांढरी-काळी रंगवतो, आणि मग तो वैमानिक भूत पाहिल्यासारखा दिसू लागतो. १:७२ ची प्रतिकृती एक फुटावरून पाहणे म्हणजे खरे विमान बहात्तर फुटांवरून पाहणे होय. इतक्या अंतरावरून डोळ्यांचा पांढरेपणा कोणास दिसतो? दिसते ती भुवयांखालची सावली. म्हणून कातडीचा रंग दिल्यावर पातळ गडद रंगाचा एक हात फिरवावा, तो खाचांत उतरू द्यावा, आणि नाक, गाल, बोटांची पेरे यांवर थोडा उजळ रंग लावावा, की पुरे. वैमानिक बैठकीत बसवून पाहिल्याखेरीज काचेचे छत कधीही चिकटवू नये. बहुतेक वेळा बाहुलीचा तळ थोडा घासावा लागतो, नाहीतर डोके छताला टेकते. एकट्या वैमानिकाच्या लढाऊ विमानात उजवा हात दोन्ही गुडघ्यांमधील दांड्यावर आणि डावा हात इंजिनाचा वेग वाढविणाऱ्या तरफेवर असावा. मान किंचित वळवली, तर त्या प्लास्टिकच्या तुकड्यात लक्ष देणारा माणूस दिसू लागतो.

याहूनही महत्त्वाचा प्रश्न असा, की बसवावयाचा माणूस कोणता? पेटीत जी बाहुली मिळेल ती सर्वत्र चालत नाही. पहिल्या महायुद्धात हरदितसिंग मलिक हे सॉपविथ कॅमल विमान चालवीत. पगडी उतरविणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून पगडीवरून बसेल असे मोठे शिरस्त्राण त्यांनी वापरले. त्यांच्या विमानात साध्या चामडी टोपीचा वैमानिक बसवला, तर तो दुसराच कोणी होईल. त्याच युद्धातील इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये एस.ई.५ए या विमानातून दोन आठवड्यांच्या आत दहा विजय मिळवले आणि २२ जुलै रोजी ते पडले. तेव्हा त्यांचे वय अवघे १९ वर्षांचे होते. त्या काळी ब्रिटिश विमानांच्या वैमानिकांना हवाई छत्री दिली जात नसे. म्हणून त्यांच्या मूर्तीवर छत्रीचे पट्टे रंगविणे ही केवळ तपशिलातील चूक राहत नाही. त्या मुलाने पत्करलेला धोका आपण पुसून टाकतो. उलट, नाशिकजवळ ओझर येथे बांधल्या गेलेल्या आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलाने निरोप दिलेल्या मिग-२१ विमानात कठीण शिरस्त्राण व प्राणवायूचा मुखवटा घातलेलाच वैमानिक हवा.

तर मग प्रत्येक प्रतिकृतीत वैमानिक असलाच पाहिजे काय? नाही. चाके खाली, छत उघडे आणि विमान जमिनीवर उभे असेल, तर बैठक रिकामी ठेवण्यात काही वावगे नाही; आतील यंत्रांची घड्याळे पाहावयाची असतील तर ते सोयीचेही होते. परंतु चाके पोटात घेऊन काठीवर तोललेले, उड्डाण करीत असलेले विमान निर्मनुष्य दाखविणे हे असत्य आहे. उडणाऱ्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांतही मूळ विमानात उड्डाणाच्या वेळी वैमानिक दिसत असेल, तर तो प्रतिकृतीतही दिसावा, नाहीतर गुण कापावेत, असा नियम आहे.

रिकाम्या जागेलाही अर्थ देता येतो. आम्हा ख्रिस्ती घरांतून नाताळचा गोठा मांडतात, तेव्हा मरिया, योसेफ, मेंढपाळ, गाय-गाढव सारे आधीच येऊन बसतात. गव्हाण मात्र चोवीस डिसेंबरच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी ठेवण्याची अनेक ठिकाणी रीत आहे. त्या रिकाम्या गव्हाणीकडे सर्व मूर्तींची तोंडे असतात, म्हणून तिचे रितेपण बोलते. विमानाच्या बाजूला शिडी लावलेली असेल, पंखावर शिरस्त्राण ठेवलेले असेल, एखादा यंत्रज्ञ वर पाहत उभा असेल, तर ती रिकामी बैठकही कोणाची तरी वाट पाहू लागते. विसरल्यामुळे राहिलेले रितेपण आणि मुद्दाम ठेवलेले रितेपण यांतील भेद प्रेक्षकाला तत्काळ कळतो.

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत विमानांच्या प्रतिकृती करण्यास शिकवतात, आणि शाळांच्या प्रदर्शनांतूनही त्या मांडल्या जातात. तेथील पाटीवर बहुधा वेग, उंची, तोफांची संख्या एवढेच लिहिलेले असते. मूल ते वाचते आणि पुढे जाते. आत माणूस दिसला, तर ते थांबते आणि विचारते, "हा कोण?" या प्रश्नाला उत्तर देता यावे म्हणून पाटीवर विमानाच्या नावाखाली वैमानिकाचे नावही लिहावे आणि ठाऊक असेल तर त्याचे वयही लिहावे. एकोणीस हा आकडा वाचून अकरावी-बारावीच्या मुलाच्या मनात जे येईल, ते तोफांची संख्या वाचून येणार नाही.

शेवटी एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगावीशी वाटते. मुले लढाईचा देखावा मांडतात, तेव्हा आपल्या विमानात वैमानिक बसवतात आणि शत्रूचे विमान रिकामेच ठेवतात. शिक्षकांनी व पालकांनी हे चालू देऊ नये. सेखोंच्या नॅटमध्ये जर माणूस असेल, तर समोरच्या सेबरमध्येही माणूस असलाच पाहिजे, तितक्याच उंचीचा आणि तितक्याच काळजीने रंगवलेला. रिकाम्या यंत्राशी लढण्यात कसला आला पराक्रम? आणि जे विमान कोसळते त्यातून कोणाचा तरी मुलगा कोसळतो, हे ज्याला समजले, तो मुलगा उद्या वायुदलात गेला तरी आपले कर्तव्य अधिक गांभीर्याने करील. त्यासाठी लागतो केवळ एक इंचभर माणूस आणि त्याला रंगवताना दिलेली एक संध्याकाळ.