दरबारची फ्रेंच आणि गोठ्यातली इंग्रजी

(शेतकरी व मच्छीमार बांधवांपुढे केलेले भाषण)



इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, असे आपण धरून चालतो. पण एके काळी खुद्द इंग्लंडात ती गुराख्याची नि नांगऱ्याची भाषा होती. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जची लढाई जिंकली. त्यानंतर कित्येक पिढ्या राजदरबार, न्यायसभा आणि सरदारांच्या पंगती फ्रेंचमध्ये चालल्या.

त्याची खूण आजही इंग्रजाच्या ताटात आहे. गोठ्यातली गाय 'काऊ', शिजली की 'बीफ'. रानातली मेंढी 'शीप', ताटात 'मटन'. खुराड्यातले डुक्कर 'पिग', ताटात 'पोर्क'. राखणाऱ्याचा शब्द इंग्रजी, खाणाऱ्याचा फ्रेंच!

'रेंट', 'टॅक्स', 'कोर्ट', 'जज्ज', 'प्रिझन' हे सारे फ्रेंचमधून आले. 'फार्मर' शब्दसुद्धा फ्रेंच. त्याचा मूळ अर्थ शेतकरी नव्हे, तर ठरीव रकमेवर वसुलीचा मक्ता घेणारा. आणि 'मॉर्टगेज' म्हणजे शब्दशः 'मेलेले गहाण'. कर्ज फिटले नाही तर जमीन धन्याला मेली, असा त्याचा अर्थ जुने इंग्रज वकील सांगत. सावकाराच्या दारात उभे राहिलेल्याला तो वेगळा समजावून सांगायला नको.

दर्यावर्दी बांधवांनो, संकटातली बोट बिनतारी यंत्रावर तीनदा 'मेडे' म्हणून हाक घालते. तीही फ्रेंचच, 'मला मदत करा' या अर्थाच्या शब्दांवरून १९२० नंतरच्या दशकात घेतलेली. कामाचा शब्द कुठलाही असो, जीव वाचवतो.

शब्द उसने घेतल्याने इंग्रजी बुडाली नाही. आपणही मासळीचा 'लिलाव' करतो, 'पगार' घेतो, 'चावी' फिरवतो, 'घमेले' उचलतो. हे सारे पोर्तुगीज शब्द. म्हणून आपली मराठी बाटली काय? मुळीच नाही.

शब्द आला तर पाहुणा. पण कचेरीच परभाषेत गेली तर घर जाते. इंग्लंडात १३६२ साली कायदा करावा लागला, की दाव्यांची तोंडी कैफियत इंग्रजीत चालावी. कारण आपल्या बाजूने काय बोलतात नि विरुद्ध काय बोलतात, हेच रयतेला कळत नव्हते. गंमत अशी, की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! दप्तरातून लॅटिन व फ्रेंच हटायला १७३३ साल उजाडले.

आपल्याकडे १९६१ पर्यंत जमिनीचे दस्त पोर्तुगीजमध्ये झाले. ज्याच्या घामाने शेत पिकले, त्याला आपलाच कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. विलीनीकरणाची मागणी महाराष्ट्राशी असलेल्या भाषेच्या नात्यावर उभी राहिली. १९६७ च्या जनमत कौलात ती हरली, पण ते नाते तुटले नाही. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली, आणि सरकारी कामात मराठीलाही जागा ठेवली गेली. ती जागा वापरली तरच राहील.

म्हणून अर्ज मराठीत लिहा. न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवू नका. इंग्रज शेतकऱ्याची भाषा कचेरीत पोचायला तीनशे वर्षे लागली. आपल्याला तेवढी सवड नाही.

जय महाराष्ट्र!