पूर भामरागडला, उत्तर सर्व्हरकडून

पावसाळ्यात भामरागडचा संपर्क तुटल्याची बातमी गडचिरोलीकरांना नवी नाही. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाजवळचं हे गाव. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पुराखाली जात आला. वीज जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंज. मेल मात्र थांबत नाहीत. 'माहिती आजच्या आज पाठवावी' असं नागपूरहून कुणीतरी लिहितो आणि उत्तर आलं नाही की चडफडतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. सेंडमेल या प्रसिद्ध मेल प्रणालीचे कर्ते एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात 'व्हेकेशन' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. माणूस रजेवर असला की आलेल्या मेलला तो परस्पर उत्तर देई. कुणाला उत्तर दिलं याची नोंद ठेवी आणि त्याच माणसाला आठवडाभर पुन्हा काही पाठवत नसे.

ही नोंद लाखमोलाची. ती नसेल तर रजेवरचे दोन अधिकारी एकमेकांना रात्रभर 'मी रजेवर आहे' असंच कळवत राहतील! म्हणून २००४ साली इंटरनेटच्या मानकांत ठरलं, की आपोआप गेलेल्या उत्तरावर 'ऑटो-सबमिटेड' अशी खूण असावी आणि तशी खूण दिसली की यंत्राने गप्प बसावं.

ही सोय बसवायची कुठे, हा कळीचा प्रश्न. कार्यालयातल्या संगणकावरच्या मेल प्रोग्राममध्ये नियम लिहिला आणि वीज गेली, की नियमही झोपला. तोच सर्व्हरवर असेल तर सर्व्हर पुरापासून शेकडो किलोमीटर दूर, आपलं काम करत राहतो. त्यामुळे वेबमेल उघडून तिथल्या सेटिंगमध्येच हे करावं. जीमेलमध्ये ते 'व्हेकेशन रिस्पॉन्डर' या नावाने सापडतं. सुरुवातीची तारीख टाकता येते, शेवटचीही. फक्त ओळखीच्यांनाच उत्तर जावं, अशी खूणही करता येते.

आता मजकूर. 'आपला मेल मिळाला, लवकरच उत्तर देऊ' हे वाक्य कुणाच्याच कामाचं नाही. लवकर म्हणजे कधी? त्यापेक्षा 'शुक्रवारपर्यंत दौऱ्यावर आहे, कार्यभार अमुक शाखेकडे आहे, तातडीचं काम असल्यास या क्रमांकावर बोलावं' एवढं पुरे. घरचे सगळे गावाला गेलेत हे मात्र लिहू नये. ते उत्तर कुणाच्या हाती पडेल, सांगता येत नाही.

रजा नसतानाही ही युक्ती चालते. ताडोब्याच्या कोअर क्षेत्रातली सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. मोहर्लीच्या एखाद्या रिसॉर्टवाल्याने या तारखा आणि बफरमध्ये काय चालू आहे, एवढं आपोआप जाणाऱ्या उत्तरात घातलं, तर निम्मी विचारणा तिथेच मिटेल.

नद्या फुगण्याआधी, जूनमध्येच हे लावून ठेवा. दुसऱ्या खात्यावरून स्वतःला एक मेल टाकून तपासा. दुसऱ्यांदा उत्तर आलं नाही तर बिघाड समजू नका: जीमेल एकाच माणसाला चार दिवसांतून एकदाच उत्तर धाडतं. मजकूर बदललात, तर मात्र ते पुन्हा जातं.