वायफाय कनेक्टेड आहे, पण नेट कुठंय?

हेडफोन लावले असतील तर उत्तम. आणि आज जमलं तर लॅपटॉपही जवळ ठेवा, कारण आजचा भाग थोडा हाताने करून बघायचा आहे.

विषय सगळ्यांच्या ओळखीचा. कॅफेत, स्टेशनवर, अभ्यासिकेत तुम्ही लॅपटॉप उघडता, वायफायला जोडता, वर कनेक्टेड लिहून येतं आणि त्याखाली बारीक अक्षरात 'नो इंटरनेट'. मग आपण काय करतो? दिसेल ते बटण दाबत सुटतो. मीही हेच केलं होतं. इंजिनिअर असून.

झालं काय, माझा आतेभाऊ पुण्यात एका अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. एका भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख होती, रात्री बारा वाजता लिंक बंद. पावणेअकराला त्याचा फोन. "दादा, वायफाय लागलंय पण साइटच उघडत नाहीये. मोबाइलचा आजचा डाटा पण संपलाय."

मी म्हटलं, अरे घाबरतोस काय, दोन मिनिटांचं काम आहे.

लॅपटॉप रिस्टार्ट करायला लावला. काही नाही. वायफाय 'फर्गेट' करून परत जोडायला लावलं. काही नाही. मग म्हणालो, ड्रायव्हर अपडेट कर. आता नेटच नाही तर ड्रायव्हर येणार कुठून? शेवटी काउंटरवरच्या काकांना राउटर बंद-चालू करायला लावला. त्यामुळे अख्ख्या अभ्यासिकेचं नेट गेलं आणि बिचाऱ्याला सगळ्यांची बोलणी खावी लागली. मधे तो एक वाक्य बोलला होता, "दादा, शेजारच्या मुलीच्या लॅपटॉपवर तर मस्त चालतंय." ते मी ऐकलं आणि सोडून दिलं. इथेच चुकलो. शेजारी चालतंय म्हणजे राउटर ठीक आहे, बिघाड आपल्या लॅपटॉपमध्ये आहे, हे तिथेच कळायला हवं होतं.

तर आता नीट क्रमाने बघू. पब्लिक वायफायवर नेट मिळायला तीन टप्पे पार करावे लागतात. आपण नेमके कुठे अडकलोय हे आधी शोधायचं.

पहिला टप्पा, पत्ता. वायफायला जोडल्यावर राउटर तुमच्या लॅपटॉपला एक आयपी पत्ता देतो. विंडोजमध्ये सीएमडी उघडा, 'आयपीकॉन्फिग' टाइप करा आणि आयपीव्ही४ ची ओळ बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच कामचलाऊ पत्ता लावून घेतलाय. गर्दीच्या ठिकाणी राउटरकडचे पत्ते संपले तरी असं होतं. अशा वेळी नेटवर्क फर्गेट करून पुन्हा जोडणं कामाला येतं. आतेभावाचा पत्ता बरोबर होता, म्हणून तिथे त्याचा उपयोग झाला नाही.

दुसरा टप्पा, दरवाजा. पब्लिक वायफायवर आधी लॉगिनचं पान येतं. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका किंवा काउंटरवरचं कूपन टाका. याला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात. हे पान आपोआप कसं उघडतं माहितीये? वायफाय जोडलं की लॅपटॉप गुपचूप एक छोटंसं ठरलेलं पान मागवून बघतो. विंडोजला तिथून 'मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट' एवढेच शब्द यायला हवे असतात. ॲपलला 'सक्सेस' हवं असतं. अँड्रॉइडला रिकामं उत्तर, कोड २०४. भलतंच काही आलं की तो ओळखतो, मधे दरवाजा आहे, लॉगिनचं पान दाखवा.

कधीकधी ते पान येतच नाही. मग आपण गूगल, यूट्यूब उघडायला जातो, पण या साइट्स एचटीटीपीएसवर असतात. तिथे मधल्या कोणी आपलं पान घुसवलं तर ब्राउझर अडवतो, आणि अडवायलाच हवं. म्हणून एखादी साधी एचटीटीपी साइट उघडायची. त्यासाठीच बनवलेली एक साइट आहे, 'नेव्हर एसएसएल डॉट कॉम'. ती टाकली की बहुतेक वेळा लॉगिनचं पान समोर येतं. व्हीपीएन चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत बंद ठेवा, नंतर चालू करा. लॅपटॉपचं घड्याळ आणि तारीख पण तपासा. तारीख चुकली तर सर्टिफिकेटच्या एररनी साइट्स उघडत नाहीत.

तिसरा टप्पा, डीएनएस. तुम्ही साइटचं नाव टाकता, पण लॅपटॉपला लागतो आकड्यांचा पत्ता. नावावरून पत्ता सांगणारा तो डीएनएस सर्व्हर. आणि आमचं घोडं इथेच अडलं होतं.

सव्वाअकरा वाजले होते. भाऊ म्हणाला, "दादा, ट्रबलशूटरमध्ये 'डीएनएस सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' येतंय." आणि माझ्या पोटात गोळा आला. दिवाळीत आत्याकडे गेलो होतो तेव्हा "थांब, तुझं नेट फास्ट करून देतो" म्हणून मीच त्याच्या लॅपटॉपमध्ये ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस, कायमचा टाकून दिला होता. घरी तो छान चालतो. पण काही पब्लिक वायफायवर लॉगिन होईपर्यंत फक्त तिथलाच डीएनएस चालतो, बाहेरचा अडवतात. त्यामुळे नावाचा पत्ताच मिळत नव्हता, तपासणीचं पान येत नव्हतं आणि लॉगिनही उघडत नव्हतं. त्याला ना कूपन टाकायला जागा, ना पुढे जायला वाट.

उपाय अर्ध्या मिनिटाचा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' पुढे एडिट दाबा आणि ऑटोमॅटिक करा. ब्राउझरमध्ये 'सिक्युअर डीएनएस'ला वेगळा सर्व्हर निवडला असेल तर तोही लॉगिनपुरता बंद करा. त्याने ऑटोमॅटिक केलं, वायफाय परत जोडलं आणि लॉगिनचं पान टुणकन समोर.

अर्ज ११ वाजून ५१ मिनिटांनी सबमिट झाला. फी भरल्याची पावती त्याने मला पाठवली तेव्हा माझे हात थरथरत होते.

आता माझी दुसरी चूक सांगतो, ती जास्त मोठी आहे. त्याचा डाटा संपला होता, माझा नाही. मी माझ्या फोनवरून त्याच्या नंबरला डाटाचं छोटं रिचार्ज मारलं असतं, तर पाच मिनिटांत हॉटस्पॉटवर काम झालं असतं. पण मला बिघाड शोधायचा होता. त्याला अर्ज भरायचा होता. या दोन गोष्टींत फरक आहे. घड्याळ डोक्यावर असेल तर आधी दुसरा रस्ता काढा, बिघाड नंतर निवांत शोधा.

एक सूचना. पब्लिक वायफायवर ब्राउझरने सर्टिफिकेटचा लाल इशारा दिला, तर कितीही घाई असली तरी 'प्रोसीड' दाबून पुढे जाऊ नका. विशेषतः पैसे भरताना.

आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपमध्ये काही बदललंत तर त्याला सांगून ठेवा. मी आत्याला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाळा, पुढच्या दिवाळीत तू फक्त फराळ कर."

चला, भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमचा डीएनएस ऑटोमॅटिक आहे ना, तेवढं बघून घ्या!