होळकरांचे दहा अंतिम सामने

माळव्यात पवारांच्या दोन राजधान्या इंदूरला जणू मध्ये धरून बसल्या आहेत. पश्चिमेस धार, ईशान्येस देवास. या दोन्ही गावांतल्या जुन्या मराठी घरांत क्रिकेटचा विषय निघाला की होळकर संघाचे नाव येतेच, आणि त्यामागोमाग एक शंकाही येते. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत हा संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दहा वेळा पोहोचला. मात्र ही वाट कितपत बिकट होती?

शंका निराधार नाही. स्पर्धा विभागवार होई. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, बडोदे, गुजरात असे तालेवार संघ एकमेकांस कापून काढीत. होळकर संघ बराच काळ पूर्व विभागात, बंगाल, बिहार व संयुक्त प्रांत यांच्या सोबतीस होता. मुंबईस जे घरच्या अंगणात सोसावे लागे, ते कर्नल सी. के. नायडूंच्या संघास शेवटच्या पायरीवरच भेटे.

तथापि दाराच्या रुंदीवरून घरधन्याचे बळ मोजता येत नाही. या दहांपैकी आठ अंतिम सामने पश्चिमेच्याच संघांशी झाले. त्यांत होळकरांनी तीन जिंकले: १९४५-४६ साली बडोद्याविरुद्ध, १९४७-४८ साली मुंबईविरुद्ध, १९५०-५१ साली गुजरातविरुद्ध. उरलेले पाच गमावले. चौथा करंडक १९५२-५३ चा, बंगालला मागे टाकून मिळविलेला. होळकर संघ तोवर मध्य विभागात गेला होता, म्हणूनच बंगालशी अंतिम गाठ पडू शकली. आठांत तीन हा हिशेब दुबळ्याचा नव्हे, आणि अजिंक्याचाही नव्हे. पराभवांतही तेज होते. १९४४-४५ साली मुंबईने ८६७ धावांचे आव्हान ठेवले, तेव्हा डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिला आणि मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतके काढली. तरी सामना ३७४ धावांनी गेला.

विभागरचनेने अन्याय झालाच असेल तर तो महाराष्ट्रावर. विभागातून दोन संघांस पुढे जाण्याची मुभा मिळाल्यावर १९७०-७१ साली महाराष्ट्र अंतिम सामन्यात आला आणि समोर मुंबईच उभी होती. देशातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ त्याआधी किती वेळा विभागातच गारद झाला असेल, याची नोंद कोणताही तक्ता देत नाही.

पुढे विभाग गेले, गट आले, आणि वादाने नवा अंगरखा घातला. २०१०-११ साली खालच्या गटातून वर आलेल्या राजस्थानने करंडकच जिंकला. सोप्या गटाची हेटाळणी करणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे असावे. २०२१-२२ साली मध्य प्रदेशच्या गटात गुजरात, केरळ आणि नवखे मेघालय होते. मध्य प्रदेश व केरळ यांचे गुण सारखे झाले. धावांच्या गुणोत्तरावर केरळ मागे पडला, आणि त्या गुणोत्तरात मेघालयावरील मोठ्या विजयाचा वाटा थोडा नव्हता. केरळच्या मनात सल राहिला असल्यास नवल नाही.

मध्य प्रदेश मात्र त्या गटातून निघून पंजाब व बंगाल यांस हरवीत बंगळूरला अंतिम सामन्यात पोहोचला, आणि जून २०२२ मध्ये तेथे सहा गडी राखून जिंकला. प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. १९९८-९९ साली याच राज्याचे कर्णधार म्हणून त्यांनी कर्नाटकाकडून अंतिम सामना गमावला होता. आणि या वेळी समोरचा संघ होता मुंबई.