गुलाबावरचा कोळी आणि पंपावरचा मजूर

मावळ म्हटले की भाताची खाचरे डोळ्यांपुढे येतात. परंतु तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कपासून पवन मावळापर्यंत आता प्लास्टिकच्या छपरांखाली गुलाब पिकतो आणि 14 फेब्रुवारीच्या बाजारासाठी परदेशी जातो. या गुलाबाचा वैरी म्हणजे लाल कोळी. तो कीटक नव्हे. आठ पायांचा, टाचणीच्या टोकाएवढा जीव, पानाच्या पाठीमागे राहून रस शोषणारा. लोणावळ्याच्या घाटावरून उतरणारा पाऊस उघड्या शेतातला कोळी बराचसा धुऊन काढतो. पॉलिहाऊसमध्ये पाऊस पोचत नाही, आणि फुलांना मागणी चढते तेव्हाच हवा कोरडी होऊ लागते. उष्ण, कोरड्या हवेत आठ-दहा दिवसांत त्याची नवी पिढी उभी राहते.

सरसकट कीटकनाशक मारले की कोळ्याला खाणारे मित्रजीव आधी मरतात आणि कोळी उलट फोफावतो. म्हणून निवडक कोळीनाशके आली. हेक्झिथायाझॉक्स कोळ्याची अंडी व पिले मारते. मित्रकोळी आणि मधमाश्या त्यातून पुष्कळशा वाचतात. पूर्वीचे डायकोफॉल डीडीटीपासून बनवीत. त्यावर केंद्र सरकारने 2023 मध्ये बंदी घातली. शास्त्राची ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो पंप धरणाऱ्याचा. (शेतकरी विषाला ‘औषध’ म्हणतो; निम्मी सावधगिरी त्या शब्दातच जाते.) निवडक याचा अर्थ माणसाला निरुपद्रवी असा नव्हे. बंद छपराखाली वारा नसतो, तुषार रेंगाळतात. पानांच्या खालून फवारायचे, म्हणून ते तोंडावर उडतात. तोडणीची घाई असली की पाने सुकण्याआधीच बायांवर आत जाण्याची पाळी येते. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालील 1971 च्या नियमांत फवारणाऱ्यासाठी संरक्षक कपडे व श्वसनसाधने सांगितली आहेत. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हाही हे नियम होतेच.

मावळातील कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धराव्यात. कोणते औषध केव्हा मारले आणि पुन्हा आत केव्हा जायचे, याचा मराठी फलक दारावर हवा. मुखवटा व हातमोजे मालकाच्या खर्चाने हवेत. आणि फवारणीमुळे तोडणी थांबली तर त्या वेळेची मजुरी बुडता कामा नये. पहिल्या दोन मागण्या मान्य होण्यासारख्या आहेत. मालक अडेल तो तिसरीवर. म्हणून बोलणी तिच्यापासूनच सुरू करावीत.